आठ गेले, आठ आले

बाईंनी सव्वीस वर्षांच्या नोकरीत शाळेच्या सहलीवर एकही मूल हरवू दिलं नाही. हे आमचं म्हणणं नाही. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या मानपत्रात ते सोनेरी अक्षरांत छापलेलं आहे, आणि मानपत्र दिवाणखान्यात टीव्हीच्या वर टांगलेलं आहे. आता बारकाव्यात शिरायचं तर सातवीतली एक मुलगी एकदा प्राणिसंग्रहालयात साडेतीन तास नाहीशी झाली होती. पण बस सुटायच्या आत ती आपली आपण येऊन जागेवर बसली, डोकी जुळली, आणि हरवल्याची नोंद करायचं कारण उरलं नाही. पूर्वी अखंड बडबड करणारी ती पोर त्यानंतर वर्षभर चकार शब्द बोलली नाही. वर्गशिक्षिकेने प्रगतिपुस्तकात लिहिलं, ‘वर्तणुकीत लक्षणीय सुधारणा.’ खाली मुख्याध्यापिका म्हणून बाईंची सही होती.

लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून लेकीने आईबाबांना चार दिवस समुद्रकाठच्या रिसॉर्टमध्ये पाठवलं. सोबत स्कूबाचं प्रशिक्षणही होतं. म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून समुद्राच्या तळाशी जायचं आणि मासे बघायचे. बाईंचे यजमान पाणीपुरवठा खात्यातले निवृत्त अभियंते. खात्यात त्यांना साहेब म्हणत, घरीही तेच नाव पडलं. साहेबांनी आख्ख्या शहराला पाणी पुरवलं, पण स्वतः गुडघ्याच्या वर पाण्यात कधी शिरले नव्हते.

खोली क्रमांक चौदा. पलंगावर टॉवेलचा हंस, टेबलावर ‘आपला अभिप्राय’ नावाचा छापील कागद. हंसाकडे न बघता साहेबांनी कागद घेतला आणि ‘तक्रार असल्यास’ या रकान्यात लिहायला बसले. न्हाणीघरातला नळ गळत होता. साहेब घड्याळ लावून त्याच्यापुढे उभे राहिले.

“चार सेकंदाला एक थेंब. म्हणजे दिवसाला लिटरभर. लिटरभर गं!”

“अहो, आपण सुट्टीवर आलोय.”

“गळती सुट्टी घेत नाही.”

संध्याकाळपर्यंत अकरा तक्रारी झाल्या. आठवी तक्रार हंसाबद्दल होती.

दुसऱ्या दिवशी पोहण्याच्या तलावात शिकवणी झाली. प्रशिक्षक उन्हाने करपलेला, कमी बोलणारा माणूस होता. जे बोलला ते मात्र वर्गात लिहून घ्यावं असं.

“खाली बोलता येत नाही. अडचण आली तर काहीतरी टणक घेऊन सिलिंडरवर तीनदा ठोका. थांबा. परत तीनदा. पाण्यात आवाज लांब जातो.”

मग त्याने प्रत्येकाच्या मनगटावर एक जाडसर घड्याळ बांधलं. त्यात आपण किती खोल आहोत, किती वेळ आहोत आणि सिलिंडरमध्ये किती हवा उरली ते दिसतं. हवा दोनशेपासून सुरू होते आणि उतरत जाते. आपण वर आलो की घड्याळ आपलं आपण थांबतं.

“आणि बोटीवर एक फळी आहे. आठ हूक, आठ बिल्ले. उतरताना आपला बिल्ला जाकिटाला लावायचा, वर आल्यावर परत फळीवर. फळी भरली की बोट निघते. दुसऱ्याचा बिल्ला कुणी लावायचा नाही.” त्याने जोडप्यांकडे बघितलं. “नवऱ्याचासुद्धा नाही.”

सगळे हसले. बाईंना व्यवस्था पसंत पडली. हजेरीच ती.

फक्त अडचण अशी की साहेबांची हजेरी पस्तीस वर्षं बाईच लावत आल्या होत्या. डॉक्टरने “भूक कशी आहे?” विचारलं तर उत्तर बाई देत. सोसायटीच्या सभेत साहेबांच्या नावापुढे सही बाई करत, आणि ती साहेबांच्या सहीपेक्षा सुबक येई. त्यामुळे बुधवारी सकाळी बोटीवर साहेब म्हणाले, “माझा पण तुझ्याकडेच ठेव गं, माझ्या हातून पडेल,” तेव्हा बाईंनी दोन्ही बिल्ले आपल्या जाकिटाला अडकवले. सहा आणि सात.

पाणी कोमट होतं, उतरवून ठेवलेल्या चहासारखं. खाली सगळं हिरवट, सावकाश. आपल्याच श्वासाचा आवाज कानाशी बसलेला. आठ जण प्रशिक्षकाच्या मागे ओळीने चालले होते, आणि बाई मधूनमधून वळून डोकी मोजत होत्या.

अकरा मीटरवर वाळूतून एक जुना लोखंडी नळ बाहेर आला होता. माणसाचे खांदे मावतील एवढं तोंड. कधीकाळी शहराचं काहीतरी समुद्रात सोडायला टाकलेला असावा. मासे त्याच्यापासून लांब होते. साहेब थांबले. ज्यांनी जन्मभर नळ तपासले त्यांनी नळावरून तसंच पुढे जाणं शक्यच नव्हतं. त्यांनी वाकून आत बघितलं. मग डोकं घातलं. मग एक खांदा.

पुढे प्रशिक्षकाने वर जायची खूण केली होती. बाईंनी हाताने खूण केली, चला.

साहेबांनी मागे न बघता एक बोट हलवलं. तेच बोट, जे भाजीत मीठ कमी असलं की हलायचं, पाहुण्यांसमोर बाई काही बोलू लागल्या की हलायचं. थांब, तुला कळत नाही.

पाण्याखाली रागाने पाय आपटता येत नाही. बाई वळल्या आणि इतरांबरोबर वर गेल्या.

बोट हेलकावे खात होती. वर येताच बाईंना मळमळलं. डोळे मिटायच्या आधी त्यांनी फळीवर बिल्ले लावले, सहा आणि सात, एकापाठोपाठ एक, आणि मांडीवर टॉवेल घेऊन त्यात तोंड खुपसलं. फळी भरली. इंजिन सुरू झालं.

धक्क्यावर पाय ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की येताना सगळा वेळ शेजारची जागा रिकामी होती.

“आमचे हे कुठे आहेत?”

“पुढे गेले असतील,” प्रशिक्षक पट्टे सोडवत म्हणाला. “आठ गेले, आठ आले. फळी भरली होती ना.”

आता खरं तर एकच वाक्य बोलायचं होतं. दोन्ही बिल्ले मी लावले. सहा तरुण माणसं आजूबाजूला केस पुसत उभी होती. बाईंनी आयुष्यात असली वाक्यं दुसऱ्यांकडून वदवून घेतली होती, उभं करून, वर्गासमोर. स्वतः म्हणायची सवय नव्हती.

आधी खोलीत बघू, असं त्यांनी ठरवलं. धावत मात्र गेल्या.

साहेब खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. अंगात तोच काळा रबरी पोशाख, हात गुडघ्यांवर, पाठ ताठ.

“कधी आलात? जीव गेला ना माझा!”

“आत्ताच,” साहेब म्हणाले.

एवढंच. तुला थांबता येत नाही का, तू कायमचीच घाईची, यातलं काही नाही. न्हाणीघरात नळ टपटपत होता. त्यांनी तिकडे मान वळवली नाही.

दुपारी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. बाबांच्या पोटाचं काय झालं इथपासून तिने सुरुवात केली, आणि आठ मिनिटं बोलली. साहेब ऐकत राहिले.

“आई, बाबांना काय केलंस? चक्क ऐकून घेतायत!”

“समुद्राची हवा गं.”

“मग तिथेच ठेव अजून थोडे दिवस. बाबा, डोळे मिटा की जरा, फोटो काढल्यासारखे बघताय.”

साहेबांनी डोळे मिटले. सांगितल्यावर मिटले, आणि “उघडा” म्हटल्यावर उघडले.

खुर्चीची गादी ओली राहिली. कपडे बदलले तरी त्यांच्याभोवती ओल होतीच. सदरा पाठीला चिकटलेला, जमिनीवर पावलांचे ठसे, चाटून बघितले असते तर खारट लागले असते. पुसून पुसून बाईंनी दोन टॉवेल भिजवले. मनगटावरचं घड्याळ काढायला गेल्या तर पट्टा निघेना. त्यांचं स्वतःचं घड्याळ केव्हाच थांबलं होतं. साहेबांचं चालू होतं.

खोली अकरा मीटर. वेळ पाच तास दहा मिनिटं. हवा चौऱ्याण्णव.

गुरुवारी सकाळी जेवणघरात साहेबांनी बाईंसाठी खुर्ची ओढली. समोर आलेली अंडी गार होती, ती खाल्ली. मग म्हणाले, “तुला झोप लागली का?”

पस्तीस वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा आला. बाईंनी चमचा खाली ठेवला. मग त्यांनी आपल्या झोपेबद्दल सांगितलं, मग गुडघ्याबद्दल, मग निवृत्त झाल्यापासून दुपार कशी अंगावर येते त्याबद्दल. बोट हललं नाही. वाक्य पुरं झालं. अशी बाईंची किती वाक्यं पुरी व्हायची राहिली होती, ते त्यांनाही त्या दिवशीच कळलं.

घड्याळात एकसष्ट.

न्याहारीनंतर त्या एकट्याच धक्क्यावर गेल्या. प्रशिक्षक सिलिंडर मांडणीत उभे करत होता.

“यांचं घड्याळ बिघडलंय. अजून हवा दाखवतंय. कमी कमी होत चाललेली.”

“ते सिलिंडरकडून आकडा घेतं, मॅडम. सिलिंडर जवळ नसेल तर आकडा यायलाच नको.” तो मांडणीकडे वळला. बोटाने मोजलं. परत मोजलं. “सातच आहेत. एक बोटीत राहिलं वाटतं.”

पाणी धक्क्याखाली लपलप करत होतं.

“मॅडम, साहेबांचा बिल्ला साहेबांनीच लावला होता ना?”

बोट दहा पावलांवर बांधलेली होती. नळ कुठे होता ते बाई डोळे मिटून दाखवू शकल्या असत्या. एकसष्ट म्हणजे एकसष्ट, शून्य नव्हे. पण मग मानपत्राचं काय? आणि तिकडे खोलीत जे खुर्ची ओढून वाट बघत बसलं होतं त्याचं काय? आणि अकरा मीटरवर जे होतं ते वर येऊन पहिलं वाक्य काय बोलेल, हेही बाईंना पाठ होतं.

“हो,” बाई म्हणाल्या. “माझ्यासमोरच लावला.”

दुपारी दोघं गच्चीवर चहा घेत बसली. बाई बोलत होत्या. साहेबांचा उजवा हात टेबलावर होता. त्याचं एक बोट कपावर वाजलं.

तीनदा.

थांबलं.

परत तीनदा.

साहेबांचा चेहरा शांत होता. बोटाशी त्यांचा काही संबंध नसावा असा. बाईंनी इकडेतिकडे बघितलं. शेजारच्या टेबलावर कुणी मान वर केली नव्हती.

पहिल्या बाकावरच्या चुळबुळ्या मुलाचा हात दाबून धरतात तसा बाईंनी तो हात दाबून धरला.

“शांत,” त्या म्हणाल्या.

तळव्याखाली बोट अजून हलत होतं. तीनदा. तीनदा. मग मंदावलं.

“कशाबद्दल सांगत होतीस?” साहेबांनी विचारलं.

बाईंनी सांगितलं. घड्याळात अठ्ठावीस होते.

शुक्रवारी अकराला त्या सामान घेऊन स्वागतकक्षात आल्या. साहेब सोफ्यावर बसले. विमानतळाची गाडी पावणेबाराला होती.

सात.

बाईंनी पर्स उघडली, तिकिटं बघितली, पर्स मिटली.

पाच.

बोट सोफ्याच्या लाकडी दांड्यावर वाजत होतं. आता मध्ये बराच वेळ जात होता. तीनदा. मग, आणखी उशिरा, दोनदा.

तीन.

धक्का इथून दिसत होता. प्रशिक्षक बोटीला टेकून उभा होता. चाळीस पावलं, फार तर पन्नास. बाईंनी नजर खिडकीवरून काढून साहेबांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

एक.

एकदाच वाजलं.

नंतर नाही.

बाईंनी हात लावला तर पट्टा सहज सुटला. घड्याळाखालची कातडी पहिल्यांदाच कोरडी होती.

प्रशिक्षक घड्याळ न्यायला आत आला. त्याने ते गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवलं, पुसलं, उजेडात धरलं.

“शून्य हवा. पण खोली अजून अकराच दाखवतंय.”

“बिघडलंय म्हटलं होतं मी. ते सिलिंडर मिळालं का?”

“नाही. मिळेल.”

काउंटरवरच्या मुलीने अभिप्रायाचा कागद मागितला. साहेबांचा कागद खोलीतल्या खणात राहिला होता, त्यात अकरा तक्रारी होत्या आणि खाली ‘१२)’ एवढंच लिहून जागा सोडली होती. बाईंनी नवा कागद घेतला. ‘तक्रार असल्यास’ पुढे लिहिलं, ‘नाही.’

“दोघांच्या सह्या लागतील, मॅडम.”

बाईंनी आधी आपली केली. मग साहेबांची, नेहमीसारखी सुबक.

गाडी सुटायच्या आधी त्यांनी सवयीने डोकी मोजली. दोन होती. बरोबर होती.