झाडावरचा फोन

"अबे, पुन्हा वाजला!" प्रणित झाडाखालूनच म्हणाला. "दिव्यानी, तूच पाय. माह्याच्यानं उठनं होत नाई."

उठणं कोणाच्यानंच होत नव्हतं! तेंदूपत्त्याचा हंगाम म्हणजे पहाटेपासून जंगलात पानं तोडायची, दुपारभर पुडके बांधायचे आणि संध्याकाळी ते डोक्यावर घेऊन फळीवर, म्हणजे ठेकेदाराच्या खरेदीच्या जागी, न्यायचे. हिलाच म्हणे उन्हाळ्याची सुट्टी! दिव्यानी, तिचा धाकटा भाऊ प्रणित आणि ट्रकवाल्या अब्बांसोबत चंद्रपूरहून आलेला त्यांचा मित्र फैज, तिघंही टेकडीवरच्या मोहाच्या झाडाखाली आडवे झाले होते.

फोन मोहाच्या फांदीला पिशवीत टांगलेला. गडचिरोलीच्या त्या टोल्यात, म्हणजे छोट्या वस्तीत, नेटवर्क येतं ते फक्त तिथंच. फोन लटारूभाऊंचा, आणि अख्ख्या टोल्याची बँकखाती त्याच एका नंबरला जोडलेली! कोणाचा ओटीपी आला की लटारूभाऊ टेकडीवरून खणखणीत आवाजात ओरडून सांगत. दमलेल्या माणसांना ते सोयीचं वाटे. काय बोलावं या मोठ्या माणसांना!

दिव्यानीनं मेसेज वाचला आणि ताडकन उभी राहिली. "हे तर आईच्या खात्याचे आकडे! आई घरी पुडके बांधून राह्यली. मंग ओटीपी मागितला कोनं?"

आईच्या खात्यात पानांचे पैसे कालच पडले होते. दिव्यानीला नववीसाठी चंद्रपूरच्या होस्टेलला जायचं ते त्याच पैशांवर.

तेवढ्यात लटारूभाऊ धापा टाकत वर आले आणि फोन खणखणला. भाऊंनी तो उचलला. "हो साहेब, आला आला! सांगतो ना..."

दिव्यानीनं फोनवर हातच दाबून धरला. "कोन साहेब, भाऊ?"

"बँकेचे! काल टोल्यातल्या मंगलीबाईचा ओटीपी नाई का त्याईले देला? लय गोड बोलते बिचारे."

"अन् मंगलीबाईनं मागितला होता?"



फैजनं फोन ओढून प्रणितच्या हातात कोंबला. "यार, तू बोल! चुकीचे आकडे सांग अन् जेवढा वेळ खाता येते तेवढा खा!" अब्बांचा फोन त्याच्या खिशात होताच. झाडाच्या पलीकडे जाऊन त्यानं १९३० लावला. ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा तो नंबर त्याच्या शाळेत पाठच करून घेतला होता.

प्रणितनं फोन कानाला लावला. "साहेब, मले आकडे हळूहळू येते. दोन... नाई, थांबा, घाम पुसतो. हा, पाच!"

"लवकर बोल!"

"इथी लय ऊन हाय साहेब. तुमच्याकडं नाई का?"

पलीकडून टाकलेला आकडा तीनदा चुकला आणि व्यवहारच बंद पडला! मग साहेबानं अशी शिवी हासडली की हा बँकेचा माणूस नव्हे, हे लटारूभाऊंनाही कळलं.

"पन त्याले आपले खातेनंबर मिळाले कुठून?" दिव्यानीनं विचारलं.

फैजनं लटारूभाऊंचा फोन चाळला आणि कपाळावर हात मारला. टोल्यातल्या सगळ्यांची आधार कार्डं, पासबुकं खाटेवर मांडून फोटो काढलेला. खाली लिहिलेलं, 'आज पूर्ण टोल्याचे काम केले!' भाऊंनी तो दिसेल त्या ग्रुपवर टाकला होता.

"लोकं फोटोले लाइकचे अंगठे देऊन राह्यले होते ना..." भाऊ रडवेले झाले.

दुसऱ्या दिवशी सायबर पोलिसांतल्या खुर्शीदा मॅडम फळीवर आल्या. "असे फोटो गोळा करून डार्क वेबवर विकतात," त्या म्हणाल्या. "इंटरनेटचा तो लपलेला चोरबाजार. एकदा तिथं गेलेलं परत आणता येत नाही. म्हणून फोटो टाकायचे नाहीत, ओटीपी कोणालाच सांगायचा नाही. मंगलीबाई, तुमच्या खात्यातून गेलेले पैसे मध्येच थांबवलेत, पण किती परत येतील ते आज सांगता येणार नाही."

मंगलीबाई आपल्या पुडक्यांशीच खाली बसल्या. रडायचंही त्राण उरलं नव्हतं त्यांच्यात. लटारूभाऊ त्यांच्या वाटणीचे पुडके उचलून फळीवर रचू लागले.

"या पोरांनी चोर ओळखला नसता तर सगळा टोला लुटला गेला असता!" मॅडम म्हणाल्या. टाळ्या वाजवायला कोणाच्या हातात जीव नव्हता, तरी सगळ्यांनी वाजवल्या. प्रणितची छाती फुगली.

पुढच्या आठवड्यात ज्याचं त्याचं सिम आलं आणि खाती आपापल्या नंबरला जोडली गेली. भागीरथा, म्हणजे दिव्यानीची आई, खात्याचा नवा गुप्त नंबर टाकायला फोन घेऊन मोहाखाली बसली. एरवी ती म्हणे, 'मी थकली, तूच कर.'

"दे आई," दिव्यानीनं हात पुढे केला. "मी टाकून देते."

आईनं पाठ फिरवली. पानांच्या चिकानं काळ्या झालेल्या बोटांनी तिनं एकेक बटण सावकाश दाबलं.

"कोनता टाकला?"

"तुले काऊन सांगू?" आई म्हणाली. "होस्टेलचे पैसे भराले मी सोता येतो तुह्यासंगं."