भिंतीवरची चौथी सावली

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवा असा आग्रह नाही. मी हाडाचा गवंडी. भिंतीत जे नाही ते भिंतीत आहे असं सांगायची मला सवय नाही.

माझ्या थोरल्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षीची गोष्ट. रात्र नव्हती. भर दुपार होती. म्हणूनच जास्त भीती वाटते.

घरात आम्ही चौघं. मी, आमची ही, मुलगा आणि सून. मुलगा मालाचा ट्रक चालवायचा. सून शाळेत चित्रकला शिकवायची. मला अक्षरओळख तिनेच करून दिली, तेव्हा माझे केस पांढरे झाले होते. पुढे तिच्या कपाटातली एक जुनी कादंबरी, मुखपृष्ठ गेलेली, मी महिनोन्महिने बोट ठेवून वाचली. त्यातलं एक वाक्य मला फार आवडलं.

"माणसं उठून जातात, सावल्या बसून राहतात."

दिवसातून दहादा म्हणायचो. शेवटी ही वैतागली. म्हणाली, एकदाचं भिंतीवर लिहून टाका आणि गप्प बसा.

सुनेने ते मनावर घेतलं. म्हणाली, "बाबा, लिहायचं नाही. काढायचं. आपण चौघं भिंतीवर बसलेले. नुसत्या सावल्या."

बाहेरच्या खोलीची ती भिंत मीच गिलावा केलेली. आरशासारखी सपाट.

तिची पद्धत सोपी होती. पडदे ओढून अंधार करायचा. भिंतीजवळ स्टूल, त्यावर स्पंजची गादी. बाजूला दिवा. माणूस आडवा तोंड करून बसला की सावली भिंतीवर पडायची. सून भिंतीला चिकटून उभी राहायची आणि सावलीच्या कडेने कोळसा फिरवायची.

बसलेल्या माणसाकडे ती बघतच नसे. नजर हलली की हात सुटतो, म्हणायची.

आधी हिची सावली झाली. ही म्हणाली, माझं नाक एवढं नाही. मग माझी झाली. ही म्हणाली, यांची सावलीसुद्धा पेंगते आहे. सुनेने स्वतःची सावली मला काढायला लावली. ती भोपळ्यासारखी आली, मग तिनेच ती सुधारली.

राहिला मुलगा. तो लांबच्या खेपेवर होता. शनिवारी दुपारी येणार होता.

शनिवारी सून दिवा लावून, कोळसा घेऊन तयार होती. मी आणि ही स्वयंपाकघरात शेंगा सोलत होतो. मधे फक्त पडदा.

दार वाजलं नाही... पण स्टूल करकरलं.

सुनेचा आवाज आला. "आलात? आता हलू नका हं."

ही हसली. आल्या आल्या बसवलं बिचाऱ्याला, म्हणत चहाचं आधण ठेवायला उठली.

पडद्यापलीकडून कोळशाचा आवाज येत होता. खर्र... खर्र...

सून म्हणाली, "एवढे गप्प का? दमलात?"

"हं."

तो "हं" मीही ऐकला. मुलाचाच आवाज. फक्त खोल. विहिरीतून आल्यासारखा.

तेवढ्यात फोन वाजला. हिने उचलला. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत गेला. तिने फोन माझ्या कानाला लावला.

मुलगा होता. गाडी वाटेत बंद पडली होती. उद्या येतो, म्हणाला.

मी पडद्याकडे बघितलं.

पलीकडे सून म्हणत होती, "झालं. उठा आता."

स्टूल करकरलं...

कोणीच इकडे आलं नाही.

मी पडदा सारला. सून एकटीच उभी होती. स्टुलाकडे बघत. स्टुलावर कोणी नव्हतं. पण स्पंजची गादी खोल दबलेली होती... आणि हळूहळू वर येत होती.

मी भिंतीकडे बघितलं. नाक आमच्या मुलाचं. लहानपणी जिन्यावरून पडला होता, तेव्हापासूनचा नाकावरचा उंचवटा रेषेत स्पष्ट आला होता.

बाकी काहीच त्याचं नव्हतं. आमचा गडी धिप्पाड. भिंतीवर पाठीला बाक आलेला, काटकुळ्या मानेचा, हनुवटी छातीला टेकलेला माणूस होता. म्हातारा.

सून ओलं फडकं घेऊन आली. हिने तिचं मनगट धरलं.

"तो रस्त्यावर आहे. घरी येईपर्यंत भिंतीला हात लावायचा नाही."

त्या रात्री कोणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. धडधाकट. हिने त्याला पाणीसुद्धा दिलं नाही, आधी स्टुलावर बसवलं. दिवा लावला. नाक जुळलं. बाकीची सावली रेषेबाहेर हातभर सांडत होती.

त्याला सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला. सुनेने फडकं उचललं, तर त्याने अडवलं.

"राहू दे गं. निदान एवढा म्हातारा तरी होईन. ड्रायव्हरला आणखी काय पाहिजे?"

हिच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं. मुलगा म्हातारा होणार, भिंतीनेच सांगितलं होतं. त्या दिवसापासून तो रस्त्यावर असला तरी ती निवांत झोपायला लागली. सुनेने चारही सावल्या काळ्या रंगाने भरल्या. खाली ते वाक्य मी माझ्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं. येणारे जाणारे कौतुक करायचे.

चौथ्या वर्षी मुलाला खोकला लागला.

मग ताप. मग पाठ. आजाराचं नाव मी लिहीत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा सून खाली बसली. ही मात्र म्हणाली, काही होत नाही, तो म्हातारा होणार आहे.

वर्षभरात तो निम्मा झाला. मान काटकुळी झाली.

एका दुपारी पडून पडून अंग दुखतं म्हणाला. मी त्याला उचलून स्टुलावर बसवलं. माझ्या मुलाला मी, या वयात, एका हाताने उचललं.

खिडकीतून ऊन येत होतं. त्याची सावली भिंतीवर पडली. ऊन उतरत गेलं, तशी ती सरकत गेली...

सरकत सरकत रंगवलेल्या सावलीपाशी आली...

नाकात नाक. हनुवटीत हनुवटी. पाठीचा बाक बाकावर. एक रेघही बाहेर नाही.

मुलगाही डोळ्यांच्या कोपऱ्यातून भिंतीकडेच बघत होता. मग हळूच म्हणाला,

"बाबा, मी सरळ बसू का?"

मी म्हटलं, "बस."

त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर रोवले. जोर लावला. शिरा फुगल्या.

पाठ सरळ झाली नाही.

मी उठून पडदा ओढला. हिला काही सांगितलं नाही. तिने विचारलं, अंधार का केलात? मी म्हटलं, त्याला ऊन लागत होतं.

भिंत अजून तशीच आहे. मी म्हटलं होतं, चुना मारतो. हिने मारू दिला नाही. शेवटी शेवटी तो असाच दिसायचा, म्हणते. रोज सकाळी कोरड्या फडक्याने त्या सावलीवरची धूळ पुसते. सून आता चित्र काढताना कोणाकडे पाठ करत नाही.

त्या शनिवारी पुसलं असतं तर? माहीत नाही. त्या दुपारी तो कुठून आला होता, आणि स्टुलावरून उठून कुठे गेला, हेही मला माहीत नाही. त्या खोलीत मी एकटा बसत नाही.

मी पडदा ओढला त्याच्या नवव्या दिवशी मुलगा गेला. मंगळवार होता, सकाळ होती. त्याचं वय एकोणचाळीस होतं.