पंखा बंद पडलेला प्रोजेक्टर

छोटूच्या घरात साधा चमचासुद्धा ताईच्या पसंतीशिवाय येत नसे, मग प्रोजेक्टर कुठून येणार? छोटू म्हणजे काही लहान पोर नव्हे. दाढीत पांढरे केस डोकावू लागलेला, कचेरीत हाताखालच्यांवर डोळे वटारणारा चांगला बाप्या माणूस. पण घरात तो छोटूच. तो अंगावर पीत होता तेव्हाच आई गेली. दोन वेण्यांच्या वयातल्या ताईने त्याला कडेवर घेतलं ते जवळपास आजवर खाली ठेवलंच नाही. त्याच्यापायी तिने स्वतःच्या लग्नाचं नाव काढलं नाही. पुढे त्याला सांगून आलेल्या मुलींमध्येही तिला दर वेळी काही ना काही खोट सापडत गेली.

वडील गेले आणि माळा आवरताना छोटूच्या हाती पत्र्याचा एक डबा लागला. आत जुन्या स्लाइड्स, पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेले फिल्मचे इवलेसे तुकडे. बायको गेल्याच्या दुःखात वडिलांनी तिचे सगळे फोटो फाडून टाकले होते, त्यामुळे आईचा चेहरा छोटूने कधी पाहिलाच नव्हता. त्याने एक स्लाइड खिडकीच्या उजेडात धरली. मधोमध एक बाई बसलेली, पण चेहरा तिळाएवढा.

"ताई, ही आई ना गं?"

"असेल," ताई म्हणाली आणि भाजी चिरत राहिली.

त्या दिवसापासून छोटूला दुसरा विषय नाही. आई हसायची कशी? आईचे डोळे माझ्यासारखे होते का? ताईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिला राग येत होता, चक्क मेलेल्या बाईचा. जन्म देऊन मोकळी झाली ती, आणि रात्री जागवल्या मी. आता आयत्या वेळी येऊन ही माझ्या ताटातलं ओढणार?

स्लाइड भिंतीवर मोठी करून बघायची तर प्रोजेक्टर हवा, म्हणून जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात दोघं गेली. दुकानदार बोलघेवडा होता. त्याने टेबलावर तीन प्रोजेक्टर मांडले. "हा थोरला, तब्येतीने दणकट. हा मधला, दिवा मंद, पण स्वभावाने गरीब." तेवढ्यात छोटूचा फोन वाजला आणि तो बाहेर गेला. दुकानदाराने तिसऱ्यावर हात ठेवला. "आणि याच्या नादी लागू नका, ताई. पंखा बंद पडलाय याचा. स्लाइड जरा जास्त वेळ राहिली की दिव्याच्या धगीने बरोबर मधोमध जळते. सुट्या भागांसाठी ठेवलाय."

ताई क्षणभर त्या यंत्राकडे बघत राहिली. मग गोड हसली. "हाच द्या. आम्हाला नुसता शोभेला हवाय."

छोटू परत आला तेव्हा यंत्र खोक्यात गेलं होतं. "सगळ्यात चांगला निवडलाय तुझ्यासाठी," ती म्हणाली. भाबड्याने तिचा हात हातात घेतला.

सुट्टीच्या दुपारी त्यांनी खिडक्यांना जाड चादरी लावल्या. खोलीत दाट, कोंदट काळोख झाला. छोटू भिंतीसमोर मांडी ठोकून बसला. ताई मागे, यंत्राशी. दिवा लागला आणि तापलेल्या धुळीचा वास सुटला.

पहिली स्लाइड. भिंतीवर नुसते धूसर रंग.

"दिसत नाहीये गं."

"थांब ना, नीट करतेय." ताईने भिंग फिरवलं, पण मुद्दाम उलट्या बाजूला. आत धग वाढत होती. रंगांच्या मधोमध तपकिरी डाग उठला, फुगला, फुटला. मग तिने चित्र स्पष्ट केलं. खुर्ची, पायऱ्या, साडीचा काठ, सगळं लख्ख. चेहऱ्याच्या जागी भोक.

"अरेरे," ताई म्हणाली.

दुसरीचं तेच झालं. तिसरीचंही. छोटू गयावया करू लागला. "ताई, बंद कर… जळतायत सगळ्या…"

"जुन्याच आहेत, त्याला मी काय करू? एखादी टिकेल की." छोटू लहान मुलासारखा रडत होता. ते रडणं ऐकून ताईच्या जिवाला गार वाटलं. आता रडून झाल्यावर तो डोळे पुसायला आपल्याच पदराशी येणार, हे तिला ठाऊक होतं.

खोलीत करपलेल्या केसांचा वास भरला होता. डब्यात एकच स्लाइड उरली.

ती लावली आणि चित्र पहिल्या क्षणीच स्पष्ट आलं. आई खुर्चीत, मांडीवर बाळ. कडेला खुर्चीचा हात धरून दोन वेण्यांची मुलगी. ताईने भिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. चित्र जरासुद्धा पुसट होईना.

"आई…" छोटू पुटपुटला.

फोटोतली माणसं कॅमेऱ्याकडे बघतात. ही बाई जरा बाजूला बघत होती, यंत्राच्या डावीकडे. ताई तिथेच बसली होती.

ताई धग वाढायची वाट बघत राहिली. मधोमध काहीच झालं नाही. डाग उठला तो कडेला, मुलीच्या वेणीवर. तिथून मानेवर, मग गालावर. ताईने स्लाइड ओढायला हात घातला, बोटं भाजली. तिने प्लग उपटला. दिवा तरीही जळत राहिला… मुलगी पुरती जाईपर्यंत. मग तो आपोआप विझला.

"छोटू…" ती म्हणाली. "छोटू, चादर काढ रे…"

तो उठला. त्याने चादर काढली, वळला आणि परक्या माणसाकडे बघून हसावं तसा अदबीने हसला.

"छान चालतं हो यंत्र. तुम्ही दुकानातूनच आलात ना?"

"अरे, असं काय करतोस? मी… ताई…"

"कोणाची ताई? मी एकुलता एक आहे." तो जरा गोंधळला, पण आवाज समजूतदारच होता. "बरं नाही का वाटत तुम्हाला? पाणी देऊ?"

स्वयंपाकघरात भांडं वाजलं. तिथे कोणीच नव्हतं, ताईने स्वतः गॅस बंद करून दार ओढलं होतं.

"छोटू, हात धुऊन घे रे, वाढतेय."

वाक्य ताईचं होतं. रोज ती याच सुरात, 'रे' असाच लांबवत हाक मारायची. आवाज मात्र दुसऱ्या बाईचा होता, आणि तो तिने लहानपणी रोज ऐकलेला होता.

ताईला ओरडायचं होतं. तोंडातून नुसती हवा निघाली. छोटूने हळूच तिचा दंड धरला, दारापर्यंत आणलं, सांभाळून जा म्हणाला आणि दार लावून घेतलं.

ती दाराला कान लावून उभी राहिली. आतून पावलं आली.

"गेली का रे ती?" आईने विचारलं.

"कोण गं?" छोटू म्हणाला.