चुकलं तरी नाचणारा मोर

या बाळांनो, असे जवळ या. मागच्यांनी पुढे सरका, पुढच्यांनी मांडी घाला, आणि ज्याच्या खिशात चिंचा असतील त्याने त्या आत्ताच वाटून टाकाव्यात, कारण कथेला रंग चढल्यावर कुणी हात पुढे केला तर सगळाच बेरंग होतो. आजची कथा एका मोराची आहे. हा मोर रानात राहत नव्हता की देवळाच्या आवारात दाणे टिपत नव्हता. तो राहायचा जळगावच्या एका बालवाचनालयातल्या कॉम्प्युटरमध्ये, आणि तिथे बसून त्याने भल्याभल्या मोठ्या माणसांना फसवलं. त्याला पकडलं कुणी, ते आता ऐका.

त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे नवलाची वस्तू. वाचनालय सांभाळणाऱ्या सुनंदाबाईंनी तो मागच्या खोलीत देव्हाऱ्यासारखा मांडला होता. वर मखमली झाकण, चपला दाराबाहेर, आणि त्याला उकडू नये म्हणून वाचनालयातला एकुलता एक कूलर त्याच्यासमोर. मे महिन्याचं ऊन होतं. त्यामुळे कोकिळाची टोळी तिथे निम्मी कॉम्प्युटरसाठी जायची नि निम्मी कूलरसाठी.

टोळी तरी कोणती? कोकिळा नुकतीच आठवीत गेलेली. तिचा धाकटा भाऊ गुलाब तिसरीतला. मामेभाऊ पुना रावेरहून सुट्टीला आला होता, त्याचे वडील केळीचे ट्रक भरून दिल्लीकडे पाठवायचे. आणि शेजारचा अभिमन, ज्याने घरातला रेडिओ उघडून पाहिला होता आणि तो पुन्हा जोडता न आल्याने बराच मारही खाल्ला होता.

गिरधरभाऊ नावाचे एक विक्रेते मुलांसाठी दोन खेळ घेऊन आले होते. येत्या शनिवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये समारंभ होता, आणि त्यात या दोहोंपैकी एक खेळ वाचनालय विकत घेणार होतं. पहिला खेळ 'बालपंडित'. पडद्यावर गणित यायचं, उत्तर टाकलं की रंगीत मोर पिसारा फुलवून नाचायचा, केका करायचा आणि खाली 'शाब्बास' उमटायचं. दुसऱ्यात होता एक काळापांढरा मालट्रक. पूल पेलेल तेवढ्याच वजनाची खोकी हिशेब करून भरायची. हिशेब चुकला की पूल कडाडकन मोडायचा नि ट्रक नदीत. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! पुना त्या ट्रकवर जीव टाकायचा. पण सुनंदाबाई म्हणाल्या, सुट्टीत पोरांना रडवायचं कशाला? मोरच बरा.

आणि मोराने चमत्कारही केला होता. पाढे म्हटलं की गुलाबचं पोट दुखायचं. गुरुजींनी एकदा त्याला साऱ्या वर्गासमोर उभं केलं होतं, तेव्हापासूनचं ते दुखणं. तोच गुलाब आता बालपंडितावर एकही गणित चुकत नव्हता! त्याची चाल बदलली. दूधवाल्याला थांबवून त्याने ही बातमी सांगितली. आईने त्याच्या खिचडीवर जास्तीचं तूप सोडलं. आणि गिरधरभाऊंनी तर जाहीरच करून टाकलं की शनिवारी गुलाब मंचावर येईल, वाचनालयाचे अध्यक्ष भाईदासआबा त्याला भर सभेत पाढे विचारतील, आणि आमच्या खेळाने काय किमया केली ते जळगाव बघेल.

कोकिळाला इतका आनंद झाला होता, जणू बक्षीस तिलाच मिळणार होतं. गच्चीवर आईने वाळत घातलेले पापड उलटता उलटता तिने सहज विचारलं, "गुलाब, सात आठे?"

"चौसष्ट."

"वेड्या, छप्पन."

"मोराला विचार," गुलाब शांतपणे म्हणाला. "काल चौसष्टला नाचला तो."

गुलाब खोटं बोलत नसे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे खोटं बोलत होता मोर! कोकिळाच्या हातातला पापड तिथेच मोडला. शनिवारी मंचावर आबा हेच विचारणार, गुलाब असाच छातीठोकपणे चौसष्ट म्हणणार, आणि सारा हॉल हसणार. एका वर्गाच्या हसण्याने पोट दुखायला लागलेल्या पोराचं मग काय होईल?

त्या संध्याकाळी राममंदिरात कीर्तन होतं. साक्रीकडचे सुपडूनाना आले होते. गोड गळा, हातात चिपळ्या, आणि कथा अशी सांगायचे की समुद्राचा वारा अंगाला लागावा. मारुतीराय उडाले, लंकेत उतरले, "आणि तिथे त्यांनी करंगळीवर गोवर्धन उचलला," नाना म्हणाले. सगळ्यांनी भक्तिभावाने माना डोलावल्या. कोकिळाला मात्र खुदकन हसू फुटलं.

नानांनी चिपळ्या थांबवल्या. "बठ्ठा मान डोलावतस, पन ऐकस कोन? ही पोर ऐकस." सभा दचकून जागी झाली नि हसत सुटली. नाना रोज कुठेतरी अशी एक चूक पेरायचे, श्रोते जागे आहेत का ते पाहायला.

कोकिळाच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. मोरही नुसता मान डोलावत होता का? मग त्यालाही लंकेत गोवर्धन उचलायला लावून बघायचं!

दुसऱ्या दुपारी सुनंदाबाई जेवायला घरी गेल्या होत्या. गिरधरभाऊ कूलरसमोर तोंडावर टॉवेल टाकून घोरत होते. गुलाबला काही कळू नये म्हणून त्याला पहाऱ्याला दारात उभं केलं. बाकीचे तिघं पाय न वाजवता आत शिरले. मोराच्या केकांनी भाऊ जागे झाले असते, म्हणून अभिमनने मखमली झाकणाची घडी करून, कॉम्प्युटरचा आवाज यायचा त्या भोकावर दाबून धरली.

दोन अधिक दोन. कोकिळाने नऊशे टाकले. मोर नाचला!

पुनाने कोपर टेकवून भलताच आकडा उमटवला. मोर नाचला. अभिमनने एका हाताने, काही न लिहिताच नुसतं बटण दाबलं. मोर दुप्पट उत्साहाने नाचला.

"ह्याले त काहीच नाही समजत," पुना कुजबुजला. "आमच्या रावेरचा बैलही ह्याच्याहून हुशार आहे."

तिघांना हसू आवरेना. त्या हसण्यात घडी सटकली, आणि खोलीभर अशी केका घुमली की गिरधरभाऊ टॉवेलसकट उठून बसले.

कोकिळा घाबरली, पण पळाली नाही. तिने त्यांना सगळं सांगितलं. भाऊंनी डोळे चोळत सात आठे छप्पन टाकले. मोर नाचला. बघ, बरोबरच आहे, म्हणाले.

"भाऊ, एकदा चुकीचं टाका ना."

"मी कशाला चुकीचं टाकू? मला पाढे येतात."

आणि खरंच, तोवर एकाही मोठ्या माणसाने चुकीचं उत्तर टाकून पाहिलं नव्हतं. चारचौघांत चुकणार कोण? भाऊंनी पोरांना बाहेर काढलं, सुनंदाबाईंकडे तक्रार केली, आणि शनिवारपर्यंत टोळीला मागची खोली बंद झाली.

पण खरा घाव दुसरीकडेच बसला होता. दारातल्या गुलाबने सगळं पाहिलं होतं. पुनाच्या कोपरालाही शाब्बासकी मिळते हे त्याने पाहिलं होतं. घरी येऊन तो माठामागे जाऊन बसला. पोट दुखतं, एवढंच म्हणाला.

कोकिळाने त्याचा हात धरला आणि त्याला थेट मंदिरात नेलं. नाना ओसरीवर शेंगदाणे सोलत बसले होते. तिला वाटलं होतं, नाना आता जाऊन मोठ्यांना खडसावतील. नानांनी शेंगदाणे गुलाबच्या ओंजळीत घातले आणि विचारलं, "सात आठे येस का तुले?"

गुलाबने मान हलवली. नाही.

"मी त रोज कीर्तनमा चुकस, बठ्ठासमोर. मन्हं पोट कधी दुखत नही." मग ते त्याच्या कानाशी वाकले. "तुले येत नही, हाई तुले माहीत शे. त्या मोरले तेबी माहीत नही. सांग, हुशार कोन?"

गुलाबने एक शेंगदाणा तोंडात टाकला. मग दुसरा. मंचावर जायचं की नाही ते त्याने कोकिळालाही सांगितलं नाही.

शनिवारी हॉल गच्च भरला. कॉम्प्युटरही मागच्या खोलीतून मंचावर आणून ठेवला होता. नानांचं छोटं कीर्तन झालं, त्यांना हार घातला गेला. मग गुलाबचं नाव पुकारलं. कोकिळाने डोळे मिटले. उघडले तर गुलाब मंचावर!

भाईदासआबांनी प्रेमाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "सांग बेटा, सात आठे?"

कोकिळाच्या मुठी आवळल्या गेल्या.

"मला येत नाही," गुलाब म्हणाला.

कुणीतरी हसलं. गिरधरभाऊंनी रुमाल काढला. गुलाबचे पाय लटपटत होते, पण तो खाली उतरला नाही. "मला येत नाही. पण ह्या मोरालाही येत नाही. दाखवू का, आबा? तुम्ही कुठलंही चुकीचं उत्तर सांगा."

आबा गोंधळले. "बरं, तीन."

गुलाबने तीन टाकले. मोर पिसारा फुलवून नाचला! आणि मग हॉलमध्ये जो कल्ला उठला! शून्य टाक, हजार टाक, एक आजीबाई म्हणाल्या माझं वय टाक. जे टाकावं त्याला शाब्बास. सुनंदाबाई स्वतः पुढे आल्या. त्यांचं बोट बटणांवर बराच वेळ घुटमळलं, कारण मुद्दाम चुकायची त्यांना सवयच नव्हती. शेवटी त्यांनी अकरा टाकले, मोर नाचला, आणि त्या खुर्चीत मटकन बसल्या.

गिरधरभाऊंचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पण माणूस लबाड नव्हता. ते हळूच म्हणाले, "प्रदर्शनात पाहुण्यांचा हिरमोड होऊ नये म्हणून कंपनीने काहीही टाकलं तरी मोर नाचेल अशी एक वेगळी फ्लॉपी केली होती, तीच मी इथे लावली. कोणती कुठे वापरायची ते त्यांनी मला सांगितलं होतं. मी नुसती मान डोलावत होतो."

पहिल्या रांगेत सुपडूनाना इतके हसले की चिपळ्या हातातून निसटल्या. ते उठले, मंचावर चढले, आणि स्वतःच्या गळ्यातला हार काढून त्यांनी गुलाबला घातला. तो त्याच्या गुडघ्यांपर्यंत आला.

आबांनी टोळीला विचारलं, मग आता खेळ कोणता घ्यायचा? तुम्हीच सांगा. पुना लगेच उठला. "ट्रकवाला घ्या, आबा. चुकलं का चुकलं म्हणते, अन् परत भरू देते. केळीचा ट्रक असाच असते. जास्त भरला का टायर बसते." सगळ्यांनी मान्य केलं. शिवाय सुनंदाबाईंनी जाहीर केलं की यापुढे वाचनालयात येणारा प्रत्येक खेळ आधी ही टोळी तपासणार, आणि कोकिळा त्याला पहिलं उत्तर चुकीचं देणार. टाळ्या कडाडल्या.

समारंभ संपला, कॉम्प्युटर मागच्या खोलीत परत गेला, तरी पोरं तिथून हलेनात. गुलाबने खोकी भरली. पूल मोडला. पुन्हा भरली, पुन्हा मोडला. कोकिळाच्या जिभेवर उत्तर आलं होतं, तिने ते गिळलं. गुलाबने ओठ चावत, बोटांवर मोजत खोकी बदलली. ट्रक पुलावर चढला, गुरगुरत पुढे गेला, आणि पलीकडे उतरला! पडद्यावर मोर नाही, पिसारा नाही, नुसतं एक बारीक 'टिंग' वाजलं.

पण गुडघ्यापर्यंतचा हार सावरत गुलाब जो नाचला, तसा तो मोर जन्मात नाचला नसेल.

तर बाळांनो, कथा इथे थांबली. उरलेल्या चिंचा आता बाहेर काढायला हरकत नाही. फक्त एवढं करा. कधी भर वर्गात तुम्हांला काही विचारलं, उत्तर येत नसलं आणि पोटात गोळा आला, तर मंचावर लटपटत्या पायांनी उभ्या राहिलेल्या आमच्या गुलाबची आठवण काढा. देव तुमच्याही पाठीवर हात ठेवील.