दिगंबररावांचा खोकला

श्रीकांत वैद्य वृंदाला पहिल्यांदा भेटला तो अंधारात. भेटला म्हणजे काय, तिने त्याच्या बोटांवर पुठ्ठाच आपटला.

भवानीपूरच्या मराठी मंडळात महिन्यातल्या एका रविवारी दुपारी चार वाजता, मुंबईहून आगगाडीने आलेला सिनेमा दाखवत. वृंदाचे वडील दिगंबरराव मंडळाचे चिटणीस. ते आदल्या दिवशी सिनेमा बघून ठेवत, आणि रविवारी पहिल्या रांगेत बसून, आयाबहिणींनी पाहू नये असं काही आलं की खोकत. ते खोकले की वृंदाने प्रोजेक्टरच्या भिंगापुढे साडीच्या खोक्याचा पुठ्ठा धरायचा आणि यंत्र चालवणाऱ्याने आवाज बंद करायचा. नागपूरहून बँकेत बदलून आलेल्या श्रीकांतला यंत्र चालवता येतं म्हणून बसवलं खरं, पण खोकल्याचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. दिगंबरराव खोकले, नेमका तेव्हाच तो भिंग पुसायला गेला.

"सिनेमा झाकायचाय की मला?" त्याने बोटं चोळत विचारलं.

"आज सिनेमा," वृंदा म्हणाली. "तुमचं पुढच्या महिन्यात बघू."

पुढचा महिना आला, त्याच्या पुढचाही. एकदा दिगंबररावांना खरीच सर्दी झाली आणि अख्खा संतपट अंधारात गेला. संतांनी असं केलं तरी काय असेल, हे बायका एकमेकींना कित्येक दिवस विचारत होत्या. श्रीकांत आणि वृंदा त्या दिवशी यंत्रामागे बसून, तोंडावर रुमाल धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. तेव्हाच तिला कळलं, की हा माणूस आपल्याला हवा आहे. फार हवा आहे.

पण तो बोलेल तर शपथ! रिळांबद्दल बोलायचा, ट्रामच्या गर्दीबद्दल बोलायचा, तिच्याकडे बघून मध्येच गप्प व्हायचा... आणि सप्टेंबरात त्याची कानपूरला बदली झाली. मंगळवारची गाडी.

शनिवारी जेवताना दिगंबरराव म्हणाले, "वृंदा, उद्या तिसऱ्या रिळात पुठ्ठा. मुलगी स्वतःच्या तोंडाने मुलाला लग्नाचं विचारते."

"हात धरतात का?"

"नाही. पण हे त्याहून वाईट."

वृंदाची आई, विमलताई, भात वाढत राहिली.

रविवारी वृंदाने तीन साड्या बदलल्या. ट्राममध्ये बसवेना, म्हणून ती अलीकडेच उतरून, दुर्गापूजेच्या मांडवांसाठी रस्त्यात टाकलेले बांबू ओलांडत चालत गेली. पहिलं रीळ संपलं, दुसरं संपलं. श्रीकांतने एकदा घसा साफ केला, ती सरसावून बसली... आणि तो म्हणाला, "पंखा वाढवू का?"

तिसऱ्या रिळात दिगंबरराव खोकले.

वृंदाने पुठ्ठा मांडीवर पालथा ठेवला.

"वृंदा... खोकले ते."

"ऐकलं मी. आवाज बंद करू नका."

पडद्यावरच्या मुलीने विचारलं. सगळ्या सभागृहाने ऐकलं. दिगंबरराव पुन्हा खोकले, मग पुन्हा, आणि बायकांच्या बाजूने विमलताईचा आवाज आला, "अहो, खडीसाखर देऊ का?"

सभागृह खदखदलं. रीळ संपलं, दिवे लागले, आणि दिगंबरराव उठून मागे येऊ लागले. आता नाही तर कधीच नाही.

"श्रीकांत, तुम्ही विचाराल म्हणून सहा महिने वाट पाहिली. आता मीच विचारते. माझ्याशी लग्न कराल?"

त्याच्या हातातलं रीळ निसटलं आणि गडगडत दिगंबररावांच्या चपलेला जाऊन लागलं.

"करीन," तो म्हणाला. "मी... चौथ्या रिळात विचारणारच होतो."

"काय चाललंय हे?" दिगंबररावांनी विचारलं.

उत्तर विमलताईने दिलं. ती मागोमाग आली होती. "मामंजी सिनेमालाच पाप म्हणायचे. तरी लग्न ठरायच्या आधी, मैत्रिणीकडे जाते असं मला घरी सांगायला लावून तुम्ही मला सिनेमाला नेलंत. तेव्हा कोण खोकलं होतं?"

दिगंबररावांनी रीळ उचललं, झटकलं, श्रीकांतच्या हातात दिलं. "बदली कुठे म्हणालात?"

"कानपूर."

"लांब आहे," ते म्हणाले. मग वृंदापुढे हात केला. "पुठ्ठा दे इकडे."

तिने दिला. तिला वाटलं, आता घरी चल म्हणतील. पण दिवे मालवले, चौथं रीळ सुरू झालं, तेव्हा दिगंबरराव पहिल्या रांगेत नव्हते. बायकांच्या बाजूला, विमलताईशेजारी बसून ते पुठ्ठ्याने स्वतःला वारा घालत होते. मधूनमधून तिलाही.

श्रीकांतने अंधारात हळूच वृंदाचा हात धरला. त्याचा तळवा घामाने ओला झाला होता.

तेवढ्यात दिगंबरराव खोकले.

श्रीकांत दचकून हात सोडवू लागला. वृंदाने सोडला नाही.