सरळ फाटलेली कोळंबी

त्या मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणत. दिवसभर मशीनवर लोकांचे कपडे शिवून झाले की ती धक्क्यावर चकरा मारायला निघे, कारण एका जागी बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं. त्या संध्याकाळी ती अशीच तरातरा चालली होती, आणि मागून कुणीतरी ओढणी ओढली.

वळून पाहते तर ओढणीला एक गुलाबी कोळंबी लटकलेली... कोळंबीला दोरी, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला गळाची काठी धरून उभा असलेला एक तरुण, कानापर्यंत लाल झालेला.

"हलू नका," तो म्हणाला. "खोटी आहे. माकूल पकडायची जिग."

"मी तुम्हाला माकूल दिसले?"

"नाही... माकूल इतकं बोलत नाही."

कोळंबीच्या शेपटीला सुयांचा गोल झुपका होता. त्याने तो दोन बोटांनी अलगद सोडवला. या सुयांना उलटा काटा नसतो, तो म्हणाला. दोरी ताणलेली आहे तोवर दहा हातांचं ते मऊ माकूल अडकतं, जरा सैल पडली की सुटतं. ओढणीचा धागाही निघाला नाही, पण ओढाताणीत कोळंबीच्या अंगावरचं कापड उसवलं होतं.

"द्या इकडे," ती म्हणाली. "शिवून देते."

झालं, तिथून सुरुवात. तो बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा आणि धक्क्यावर त्याला निवांत म्हणत. दर दोन-चार दिवसांनी निवांत एखादी फाटकी जिग घेऊन तिच्या शिवणाच्या दुकानात यायचा आणि ती उरल्यासुरल्या चिंधीतून तिला नवा झगा चढवेपर्यंत स्टुलावर बसून राहायचा.

"हा रंग माकलांना आवडेल?"

"मला आवडला."

"तुला कुणी विचारलं?"

तो हसायचा, आणि पुन्हा गप्प. या गप्प बसण्याचाच भिंगरीला राग यायचा. दादाने दूरच्या शहरात दुकान घेतलं होतं, आणि वहिनी रोज फोनवर विचारायची, "येतेस ना गं? तुझ्यासाठी मशीनसुद्धा आणून ठेवलंय." आज संध्याकाळी काय ते शेवटचं सांगायचं होतं. निवांतला हे सांगितलं, तेव्हा त्याने विचारलं होतं, "दुकान मोठं आहे?" बस्स, एवढंच. तेव्हापासून तिच्या जिवाला चैन नव्हतं.

आज दुपारी तिने त्याची नवी फाटकी जिग हातात घेतली, आणि तिचा पाय मशीनवर थबकला. माकलाने कुरतडलेलं कापड विसकटतं, त्याचे धागे निघतात. हे तर पोटावर सरळ रेषेत कापलेलं होतं. तिने डब्यातून जुनी उतरवलेली कापडं उपसली. पहिलं सोडलं तर सगळी तशीच. हातात कात्री घेऊनच मोठी झालेल्या मुलीला फसवायला निघाला होता शहाणा. तिला हसू आलं, आणि पाठोपाठ रडूही. याच्या मनात आहे, मग हा बोलत का नाही?

ती धक्क्यावर पोचली तेव्हा दिवे लागत होते आणि झिमझिम सुरू झाली होती. तिने काही न बोलता त्याच्या हातातली काठी घेतली आणि दणादण झटके द्यायला लागली.

"हळू. उचल आणि पडू दे. जिग खाली जाताना माकूल धरतं."

"मला नाही थांबवत."

"माहीत आहे."

दोरी एकदम जड झाली, पाण्यात ओलं फडकं अडकावं तशी.

"लागलं. आता ताण सोडू नकोस, नाहीतर जाईल."

"माकूल जाईल याची केवढी काळजी," ती दोरी गुंडाळत म्हणाली. "आणि मी जाणार म्हटलं तर दुकान मोठं आहे का विचारतोस. वर कापडं कात्रीने कापतोस. तीही सरळ."



"वाकडं कापायला जमलं नाही," तो म्हणाला. "तुझा पाय कुठे ठरत नाही. मी थांब म्हटलं, आणि तू नुसती माझ्यासाठी थांबून कुढत बसलीस तर... याची भीती वाटली. पण तू जाऊ नकोस. मला आवडतेस तू. फार."

तिचा हात थांबला. दोरी सैल पडली, पाण्यात काळी शाई पसरली, आणि माकूल गेलं. दुसऱ्या कुणी दोरी सैल सोडली तरी हळहळणारा निवांत, त्याने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

फोन वाजला.

"वहिनी, मी नाही येत... हो, कारण आहे ना. समोर उभं आहे, भिजतंय."

फोन ठेवला तरी तो तसाच उभा होता.

"उद्या येऊ दुकानात?" त्याने विचारलं. "अजून एक जिग आहे कापायची."

"कापू नकोस," ती म्हणाली. "नुसता ये."