कोपऱ्यावरून दिलेली हाक

संत बाल्तासारच्या दिवशी, जानेवारीतल्या भर दुपारी रोमिल्दा उबाल्दोकाकांच्या दारात उभी राहिली ती त्यांच्या गाडीची बॅटरी मागायला. गाडी नावालाच होती. काकू गेल्यापासून ती अंगणातून हलली नव्हती आणि तिच्या मागच्या सीटवर गल्लीतल्या मांजरींची बाळंतपणं होत. बॅटरी मात्र काकांनी जिवापाड जपली होती, कारण वीज गेली तरी फुटबॉलची मॅच रेडिओवर ऐकता आली पाहिजे, असा त्यांचा बाणा.

"बॅटरी कशाला गं?" माते नावाच्या कडू चहाचा घोट घेत काकांनी विचारलं. "बापाला झटका देऊन उठवतेस की काय?"

रोमिल्दा हसली. "उठवायचं नाही काका, नुसतं बोलवायचंय. आणि ती भाजीची हातगाडीही लागेल."

काकांनी दोन्ही दिलं, वर स्वतःही निघाले. हातगाडीचं एक चाक तिरकं पळतं आणि ती फक्त आपल्यालाच सरळ चालवता येते, असं त्यांचं म्हणणं. खरं कारण वेगळं होतं. रोमिल्दाचा बाप हिलारियो त्यांचा लंगोटीयार. आमच्याकडच्या ऑगस्टातल्या थंडीत तो गेला आणि तेव्हापासून काकांना संध्याकाळ खायला उठायची.

आमच्या कोपऱ्याची रीत जुनी आहे. बाल्तासारच्या संध्याकाळी, गल्लीच्या टोकाला जी संताची मूर्ती आहे तिच्या अंगावर ऊन असेपर्यंत, आपल्या ढोलांनी हाक द्यायची आणि वाजवत वाजवत मूर्तीपर्यंत चालत जायचं. सरत्या वर्षात घरातलं जे कोणी गेलं असेल, ते या हाकेला येतं. मूर्तीपाशी पोचलं की त्याला वाट सापडली. हाक मात्र घरच्याच हातांनी द्यायची. उसने हात मेलेल्याला ओळखू येत नाहीत. आणि ढोल तीन लागतात: बारका चिको, मधला रेपिके, आणि ज्याला आम्ही पियानो म्हणतो तो पिंपाएवढा थोरला. एक जरी कमी पडला तरी ती हाक नव्हे, नुसता आवाज. मग गेलेलं माणूस कोपऱ्यावरच ताटकळत राहतं, कायमचं.

हिलारियोच्या घरात वाजवणारे तिघेच होते. पियानो त्याचा, चिको त्याच्या मुलाचा म्हणजे वाल्देमारचा, आणि रेपिके रोमिल्दाचा. वाल्देमार स्पेनला गेला आणि तिथे एका बेकरीत रात्रपाळीला लागला. मग हिलारियो गेला. उरली एकटी रोमिल्दा, आणि एका बाईने तीन ढोल कसे वाजवायचे?

म्हणून वाल्देमारने ते यंत्र पाठवलं होतं. विटेएवढा लोखंडी डबा, वर पायाने दाबायच्या दोन कळा. फोनवर त्याने बहिणीला समजावलं होतं, "वाजवलेलं हे ऐकतं आणि मग तेच ते फिरवत बसतं. एक कळ दाबलीस की ऐकायला लागेल, पुन्हा दाबलीस की फिरवायला. त्याच्यावर दुसरा थर चढव. शेवटी तू रेपिके घेऊन चालायला लाग. दुसरी कळ दाबलीस की सगळं बंद. सगळे हात तुझेच आहेत गं, म्हणजे घरचेच. बाबांना ओळखू येतील." आणि त्या दिवशी, ऊन उतरायच्या आधी, मी फोन करीन, मलाही ऐकव, असं कबूल करून त्याने फोन ठेवला होता.

कोपऱ्यावर रोमिल्दाने मांडामांड सुरू केली. हातगाडीच्या वरच्या फळीवर दोमिंगाआत्याची गोधडी, तिच्यावर शाळेतून मागून आणलेला स्पीकर. खालच्या फळीवर बॅटरी. यंत्र तिने दांड्याजवळ, पाय पोचेल असं सुतळीने बांधलं. माइकची पकड आलटून पालटून प्रत्येक ढोलाच्या काठाला लावायची होती. तिने सगळ्या वायरी जोडल्या, चिकोच्या लाकडी अंगावर काठीने टकटक केली आणि कळ दाबली. टकटक परत आली. पुन्हा आली. तिची स्वतःचीच, पण तिने हात मागे घेतल्यावरची. भर उन्हात तिच्या मानेवर काटा आला, आणि तिला स्वतःचंच हसू आलं.

दारातल्या खुर्चीवर बसलेल्या दोमिंगाआत्याने विचारलं, "फोन आला का गं वाल्देचा?"

"नाही अजून. झोपला असेल कुंभकर्ण," रोमिल्दा म्हणाली. तिला थोडा रागच आला होता. सकाळपासून तिने दोनदा फोन लावला होता.

तेवढ्यात खालच्या गल्लीतला निकानोर आला. त्याच्या पथकात ढोल वाजवणाऱ्यांची काही वाण नव्हती आणि ते तो कोणाला विसरू देत नसे. हातगाडीभोवती एक चक्कर मारून त्याने यंत्राकडे असं पाहिलं, की जणू कोणी त्याच्या ताटात रबराचा मासा वाढला होता. माझी दोन पोरं देतो, म्हणाला. रोमिल्दाने मान हलवली. मग तो हळू आवाजात बोलला, आणि त्यात टोमणा होता तशी काळजीही होती.

"रोमी, ढोलाला रक्त लागतं. कातड्यावर हात फुटतो, तेव्हा हाक पोचते. या डब्याचा हात कुठून फुटणार?"

 रोमिल्दाने खाली वाकून सुतळीची गाठ घट्ट केली.

ऊन कलल्यावर तिने पदपथाच्या कडेला जाळ केला. जुनी वर्तमानपत्रं, फळांच्या खोक्याच्या फळ्या. ढोल शेकल्याशिवाय कातडं ताणत नाही आणि ताणल्याशिवाय बोलत नाही. तिन्ही ढोल तिने जाळाकडे तोंड करून मांडले, जन्मभर मांडत आली होती तसेच. कातड्यांना बोटांनी टिचक्या मारत राहिली. गल्लीतले लोक दारात येऊन उभे राहिले. कोणी हसत नव्हतं, हेच तिला जड गेलं.

कातडी टणटणीत झाली. तिने चिको गळ्यात अडकवला, उजव्या हातात काठी घेतली, डावा तळवा मोकळा, आणि कळ दाबली. चिकोचं काम सोपं आणि छळणारं: एकच एक ठोका, न थकता, न बदलता. फेरा नीट जुळेना. पुसला, पुन्हा घेतला. पुन्हा पुसला. अखेर सांधा कळेनासा झाला तेव्हा तिने कळ दाबून हात काढला आणि चिको एकटाच वाजत राहिला. आत्याने खुर्चीतूनच मान डोलावली.

रोमिल्दा पियानोकडे वळली, आणि तिची नजर राखेवर गेली.

जाळ विझला होता. नदीवरून वारा सुटला होता. तिघं असताना तिन्ही ढोल एकदम उचलायचे आणि एकदम वाजवायचे. कोणता थंड पडेल हा विचार कधी करावाच लागला नव्हता. ती एकटी एकामागून एक वाजवणार, तर शेकायचेही एकामागून एक, एवढी साधी गोष्ट तिच्या लक्षात आली नव्हती. तिने पियानोवर टिचकी मारली, मग रेपिकेवर. आवाज पिठाच्या पोत्यासारखा. यंत्रातला चिको मात्र मघाच्याच गरम सुरात वाजत होता, त्याला वारा लागत नव्हता.

राखेत मूठभर निखारे उरले होते. ते एकाच ढोलाला पुरणार. मूर्तीवरची सावली दंडापर्यंत चढली होती. नव्याने जाळ करायला वेळ नव्हता आणि कागदही नव्हता. रोमिल्दाने रेपिके निखाऱ्यांवर धरला, कारण हाक द्यायची ती त्यानेच. बापाचा पियानो भिंतीशी तसाच राहिला. ती रडत होती, पण रेपिके हलू देत नव्हती.

कातडं पुरेसं तापल्यावर ती पियानोपाशी गेली. ढिला तर ढिला, असं स्वतःला बजावून तिने माइक लावला आणि कातड्यावर तळवा ठेवला.

कातडं गरम होतं.

नुसतं गरम नव्हे, चटका बसावा असं. मांडीसारखं घट्ट ताणलेलं. त्याला जळक्या कागदाचा वास येत होता, आणि त्याच्या आतून उसाच्या दारूचा, जी हिलारियो वाजवण्याआधी तळव्यांना चोळायचा. रोमिल्दाने आजूबाजूला पाहिलं. पियानोजवळ कोणीच नव्हतं. उबाल्दोकाका हातगाडीचा दांडा धरून उभे होते.

"काका, याला तुम्ही शेकलंत?"

"मी इथून हललोय कुठे..."

विचार करायला सवड नव्हती. तिने काठी घेतली, कळ दाबली आणि पियानोचा साधा चार घावांचा ठेका वाजवला. पुन्हा कळ दाबली. ठेका फिरू लागला, अगदी तिने वाजवला तसा. दुसऱ्यांदाही तसाच. तिसऱ्या फेऱ्यात शेवटचा घाव किंचित उशिरा पडला, आणि बोदा पडला.

तो घाव अख्खी गल्ली ओळखत होती. मांसाच्या कारखान्यात हिलारियोच्या डाव्या हाताची करंगळीशेजारच्या बोटाची आधी दोन पेरी, मग सगळं बोटच गेलं होतं, आणि तेव्हापासून त्याचा शेवटचा घाव असा लंगडत पडायचा.

फिरवणारं यंत्र फिरवतं, बदलत नाही. वाल्देमारने तसंच सांगितलं होतं.  रोमिल्दाचा पाय दुसऱ्या कळेवर गेला, सगळं बंद करणाऱ्या.

"दाबू नकोस..." दारातून आत्याचा आवाज आला. ती खुर्ची धरून उभी राहिली होती. "रोमी... त्याला मध्येच थांबवू नकोस. चाल."

रोमिल्दाने पाय मागे घेतला. रेपिके खांद्यावर चढवला आणि हाक दिली.

पियानोने उत्तर दिलं.

तिने वाकडं विचारलं, त्याने वाकडं उत्तर दिलं. तिने चिडवलं, त्याने दम भरला, लहानपणी स्वयंपाकघरात डब्यांवर शिकवताना भरायचा तसा. भीती होती ती तिच्या छातीत तशीच होती, पण हात आता तिचे ऐकत नव्हते, ते बापाचं ऐकत होते. काकांनी गाडी ढकलली. तिरकं चाक करकरलं आणि सरळ धावू लागलं. दारं उघडत गेली. माणसं पाठीमागे येत गेली, बायकांनी घागरे सावरून पाय टाकले, म्हाताऱ्यांनी छड्या टेकल्या त्या ठेक्यावर. चिको असा पळत होता की कोणालाही उभं राहवेना. रोमिल्दाला मध्येच वाटून गेलं, की आपण चिको इतका चांगला वाजवलाच नव्हता. पण तो विचार धरून ठेवायला वेळ कोणाला होता?

निकानोर आपल्या माणसांसह नाक्यावर उभा होता. लंगडा घाव ऐकला आणि त्याने टोपी काढली. मग तो, जो आमच्या गल्लीत आयुष्यात कधी नाचला नव्हता, गाडीच्या पुढे येऊन नाचू लागला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते तो पुसतही नव्हता.

मूर्तीच्या माथ्यावर ऊन बोटभर उरलं होतं. रोमिल्दाने काठी उंच केली आणि रेपिकेवर तोडा दिला, सगळ्या ढोलांनी एकदम थांबायचा. आता कळ दाबायची होती. तिचा पाय उचललेला होता, कळेपर्यंत पोचला नव्हता.

सगळे ढोल थांबले. एकदम, एका घावात, कधीच चुकत नसत तसे. रोमिल्दाचा पाय हवेतच होता.

क्षणभर वारासुद्धा पडला. मग सगळी गल्ली एका तोंडाने ओरडली. उबाल्दोकाका गाडीचा दांडा सोडून रस्त्यातच बसले आणि हिलारियोला प्रेमाने एक शिवी हासडली. लोकांनी रोमिल्दाला खांद्यावर घेतलं. तिला इतका आनंद आजवर कधी झाला नव्हता आणि तिने तो लपवलाही नाही. ती खांद्यावर बसून लहान मुलीसारखी हसत, ओरडत होती. कोपरा मुका पडला नव्हता. बापाला वाट सापडली होती.

दिवेलागणीला ती कोपऱ्यावर परतली. पियानो आणि चिको मागेच राहिले होते, भिंतीला टेकून, राखेशेजारी. दोमिंगाआत्या पियानोपुढे गुडघे टेकून बसली होती.

"हे बघ," ती म्हणाली.

पांढऱ्या कातड्यावर ताज्या रक्तात डाव्या हाताचा पंजा उठला होता. मोठा, पुरुषी, एक बोट नसलेला. आत्याने त्याच्यावर ओठ टेकले. रोमिल्दा तिच्याजवळ बसली. भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही. घरचंच माणूस येऊन गेलं होतं.

"आता वाल्देला फोन लाव," आत्या डोळे पुसत म्हणाली. "सांग त्याला, बाप आला म्हणावं. तुझ्या डब्यातून आला."

रोमिल्दाने फोन लावला. पलीकडे घंटा वाजू लागली. ती वाट बघत असताना तिने आवरायला म्हणून चिको उजेडाकडे वळवला.

त्याच्याही कातड्यावर पंजा होता. बारीक बोटांचा, ओला. तिने आधी आपले तळवे पाहिले. ते धड होते. मग पुन्हा पंजा पाहिला. तो उजव्या हाताचा होता.

हिलारियो उजवा. ती उजवी. काठी उजव्या हातात, म्हणून कातड्यावर पडतो तो डावा तळवा. या घरात काठी डाव्या हातात धरणारा एकच होता, आणि त्यावरून त्याला सगळे जन्मभर चिडवत आले होते.

"उचलला का गं?" आत्याने विचारलं.

स्पेनमध्ये घंटा वाजत होती. रोमिल्दाने मोकळा हात चिकोच्या कातड्यावर टेकवला. रात्रीचा वारा केव्हाचा सुटला होता, राख गार झाली होती, आणि कातडं अजून गरम होतं.